पाचपैकी पाच

मार्सेल, १० मार्च २००३

प्रिय गेघाम,

तू मला ओळखत नाहीस. माझी पणजी आणि तुझी पणजी सख्ख्या बहिणी. अनाथालयातून एकीला जहाजात बसवलं, दुसरी तिथेच राहिली, एवढंच आमच्या घरात सांगतात. तुझा पत्ता बाबांच्या जुन्या वहीत मिळाला.

मी इथे मानसशास्त्र शिकते. आपण अमुक एका समाजाचे आहोत हे माणसाला कसं कळतं, ते ज्ञान असतं की नुसती सवय, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. मार्सेलमधल्या साठ आर्मेनियन माणसांनी माझी प्रश्नावली भरली. आता तिकडच्या एका खेड्यातली साठ माणसं हवीत. सोबत साठ कागद पाठवते आहे. प्रत्येक कागदावर एकोणीस विधानं आहेत, त्यांपुढे एक ते पाचमधला आकडा लिहायचा. विसाव्या प्रश्नाला उत्तर म्हणून एका माणसाचं नाव लिहायचं. वय लिहायचं, स्वतःचं नाव लिहायचं नाही.

जूनअखेर कागद हातात आले नाहीत तर माझं वर्ष जाईल. वर्ष गेलं तर बाबा मला चपलांच्या दुकानात बसवतील. ते तर वाटच बघत आहेत. हे काम तुझ्यावर सोपवते आहे.

माझं आर्मेनियन शनिवारच्या शाळेतलं आहे. चुकलं असेल तर हसू नकोस.

तुझी,
नाझेनी


वारदाबेर, लोरी, १४ एप्रिल २००३

आदरणीय नाझेनी ताई,

पाकीट पोचलं. एक कोपरा ओला झाला होता, पण आतले कागद दोनदा मोजले, साठ भरले. मी आठवीनंतर शाळा सोडली आहे आणि काकाच्या मधमाश्या सांभाळतो. म्हणून हे पत्र शब्दकोश शेजारी ठेवून लिहितो आहे.

काम पूर्ण झालं हे आधी सांगतो, म्हणजे तुम्हाला काळजी राहणार नाही.

मी कागद घेऊन दारोदार फिरणार होतो. पण स्मबात काका म्हणाला, "मार्सेलहून आपल्या रक्ताची पोर विचारते आहे, आणि तू भीक मागितल्यासारखा दारोदार जाणार? सगळ्यांना इथे बोलाव." रविवारी आमच्या अंगणात टेबलं जोडली. तमादा अर्थात काकाच. त्याने सांगितल्याशिवाय आमच्या टेबलावर कोणी प्याला उचलत नाही. एकेका प्रश्नाला एकेक प्याला असं ठरलं.

मी पहिलं विधान वाचलं: 'मी आर्मेनियन आहे हे मला रोज जाणवतं.'

सातेनिक आजी म्हणाली, "मला रोज गुडघा जाणवतो."

"अगं, मार्क द्यायचेत. पाचपैकी किती?"

"पाच दे बाबा. पोरीचं नुकसान नको."

सगळ्यांनी पाच लिहिले. सातवं विधान होतं, 'आर्मेनियन असण्याचं मला ओझं वाटतं.' मी म्हणालो, "काका, इथे पाच लिहिले तर ओझं आहे असा अर्थ होईल."

"मग काय, दोन लिहू? दोन मार्क घेऊन वारदाबेर मार्सेलला तोंड कसं दाखवणार? तुला शाळेत तीनच्या वर कधी पडले नाहीत, म्हणून आता गावाला पण खाली ओढतोयस!"

सगळे हसले. मी पुढचं विधान वाचलं.

विसाव्या प्रश्नाला दोन तास लागले. 'आर्मेनियन असणं म्हणजे काय, हे तुम्ही कुणाकडून शिकलात?' कोणी आजोबा म्हणालं, कोणी चुलता. दोन भावांचं त्यावरून भांडण झालं. शेवटी काका उभा राहिला आणि त्याने आईच्या नावाने प्याला उचलला. आई म्हटल्यावर विरोध कोण करणार? साठ कागदांवर 'आईकडून' लिहिलं. तुम्ही एक नाव मागितलं होतं, पण प्रत्येकाच्या आईचं नाव वेगळं पडलं असतं, आणि काकाला एकसारखं हवं होतं.

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. क्लावदिया मावशींनीही कागदासाठी हात पुढे केला होता. त्या मूळच्या डोंगरापलीकडच्या रशियन मोलोकान पंथाच्या वस्तीतल्या, आमच्या गावात चाळीस वर्षं राहतात. पण तुमच्या कागदावर वर ठळक अक्षरांत 'फक्त आर्मेनियन व्यक्तींनी भरावे' असं आहे, म्हणून मी त्यांना दिला नाही. नियम पाळला आहे.

आपला,
गेघाम


मार्सेल, २ मे २००३

गेघाम,

तुझं पत्र आधी आलं असतं तर बरं झालं असतं. आधी गठ्ठा आला. मी तो न उघडता, मोठ्या अभिमानाने, माझ्या मार्गदर्शक बाईंच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी पहिला कागद पाहिला, दुसरा पाहिला, मग सगळे पत्त्यांसारखे पिसले. 'माझ्या देशाचा मला अभिमान आहे': पाच. 'दुसऱ्या देशात जन्मलो असतो तर बरं झालं असतं': पाच. साठच्या साठ! बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "हे सगळं एका माणसाने भरलंय का?"

ते मार्क नाहीत रे! एक म्हणजे अजिबात पटत नाही, पाच म्हणजे पूर्ण पटतं. प्रत्येकाने एकट्याने भरायचं होतं, शेजारी कुणी नको, टेबल नको, तमादा तर नकोच. आणि मला खरं सांग. हे तूच घरी बसून भरलेस का? भरले असशील तर मी रागावणार नाही. बाईंना मात्र कळवावं लागेल.

नवे साठ कागद पाठवते आहे. यानंतर संधी नाही.

नाझेनी


वारदाबेर, १९ मे २००३

आदरणीय नाझेनी ताई,

मी भरलेले नाहीत. पाचाचे आकडे नीट बघा, प्रत्येकाचं पोट वेगळं आहे. सत्तावीस नंबरच्या कागदावर तेलाचा अंगठा आहे, तो टपालवाल्याचा. मला शाळेत मार्क कमी पडले, पण मी खोटं कधी लिहिलं नाही.

मात्र ते मार्क नाहीत हे मला कळलं होतं. मी एकदा बोललो, लोक हसले, दुसऱ्यांदा बोललो नाही. ही माझी चूक आहे आणि तिच्याबद्दल माफी मागतो.

आता एकट्याने भरून घ्यायचे आहेत. वारदाबेरमध्ये माणूस एकटा कुठे असतो हे मी दोन दिवस शोधलं. घरात नसतो. चर्चमध्ये नसतो. संडासात गेला तरी बाहेरून कोणीतरी त्याच्याशी बोलत असतं. शेवटी सुचलं की आमच्या मधमाश्यांची वॅगन आहे. वर कुरणात जुनी लाकडी गाडी उभी आहे, तिच्या दोन्ही बाजूंनी पेट्या. तिथे कोणी उगाच फिरकत नाही. आत एक खाट, एक स्टूल आणि दार आहे. एका वेळी एक माणूस आत जाईल आणि मी जाळी घालून बाहेर उभा राहीन.

एक विचारू का? तुमच्या पहिल्या विधानावर आजी जे म्हणाली ते मी विसरू शकत नाही. न दुखणारा गुडघा माणसाला जाणवत नाही. तुम्हाला तिकडे रोज जाणवतं का?

गेघाम


वारदाबेर, १२ जून २००३

आदरणीय नाझेनी ताई,

साठही कागद सोबत आहेत. या खेपेला मी टपालावर विसंबलो नाही, येरेवानहून तुमच्याकडे येणाऱ्या एका बाईच्या हाती देतो आहे.

तीन आठवडे लागले. मला अकरा ठिकाणी माश्या चावल्या, इतरांना मिळून चार.

टेबलावर सगळ्यांना दोन मिनिटांत पाच सुचले होते. वॅगनमध्ये माणसं तासतास बसली. दुकानवाली आत गेली आणि लगेच दार उघडून म्हणाली, "गेघाम, इतरांनी काय लिहिलंय?" मी म्हणालो, सांगता येत नाही. "मग मला काय वाटतं ते मला कसं कळणार?" मी दार लावून घेतलं. अर्ध्या तासाने ती आपली आपणच बाहेर आली आणि कागद माझ्या हातात उलटा ठेवून निघून गेली. सातेनिक आजीला वर चढवायला दोघं लागले. ती बाहेर आली ती खुशीत. म्हणाली, "अठ्ठ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा कळलं, मला पण मतं आहेत!" काका मात्र घामाघूम झाला होता. "मी काय लिहिलं ते कुणाला कळलं, तर गेघाम, तुला पेटीत घालून झाकण लावीन."

आता गावात माझ्याशी सगळे गोड बोलतात. दुकानात रांग सोडून आधी मला माल देतात. मग हळूच विचारतात, "शेजारणीने सातव्याला किती लिहिले रे?" मी कुणालाही काहीही सांगितलेलं नाही.

पण रिकामी जागा कुठे राहिली नाही ना, हे तपासताना विसावा प्रश्न माझ्या नजरेखालून गेला. मुद्दाम वाचला नव्हता. तुम्ही बघालच. मला तेव्हापासून नीट झोप लागत नाही.

गेघाम


मार्सेल, १ जुलै २००३

गेघाम जान,

कागद वेळेत आले. आकडे किती सुंदर आहेत! एक, चार, दोन, तीन, खोडून पुन्हा दोन. एकाने तर समासात लिहिलंय, 'हे विचारणं तुम्हाला शोभत नाही.' मी हसून हसून बेजार झाले.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो, रोज जाणवतं. बँकेत नाव सांगते आणि पलीकडचा माणूस भुवया उचलतो, तेव्हा. घरी आजीशी बोलताना शब्द आठवत नाही, तेव्हाही. हा गुडघा ठणकतो म्हण ना.

पण आता गंभीर गोष्ट. विसाव्या प्रश्नाला एकोणीस जणांनी एकच नाव लिहिलंय. क्लावदिया. बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुझं गाव पुन्हा एकत्र बसलं." त्यांच्या मते हा प्रश्नच प्रबंधातून काढून टाकावा. तो काढला तर माझ्याकडे उरतं काय? नुसते आकडे. चार दिवस मागून घेतले होते, ते वाढवून महिना केलाय.

ही तीच रशियन बाई ना, जिला तू कागद दिला नाहीस? मग तिच्या नावाची ही गंमत कोणी सुरू केली? रागाने विचारत नाही. पण मला काहीतरी असं पाठव की जे बाईंपुढे ठेवता येईल.

नाझेनी


वारदाबेर, १५ जुलै २००३

आदरणीय नाझेनी ताई,

गंमत नाही. मी क्लावदिया मावशींकडे जाऊन आलो. आकडा त्यांना सांगितला नाही. त्या गाजरं उपटत होत्या.

"कोण? कागदवाला? आज काय, आर्मेनियन गाजरं मोजायला आलास?"

मी माफी मागितली. म्हणालो, नियम होता. त्या म्हणाल्या, "नियमच होता. त्यात तुझं काय चुकलं? बस, त्या बाजूचा वाफा घे."

आमच्या गावात बालवाडी होती, ती १९९२ साली बंद पडली. तोवर ती एकट्या मावशींनी चालवली. मीही तिथलाच. इतकी वर्षं ही गोष्ट मला गोष्ट वाटलीच नव्हती. मी विचारलं, "मावशी, तुम्ही आम्हाला काय शिकवलंत?"

"मी काय शिकवणार? अठराव्या वर्षी इथल्या ट्रॅक्टरवाल्या आर्ताशशी लग्न केलं. माझ्या माणसांनी दार लावून घेतलं. इथे आले तर भाषा येत नाही. पाणी, बस, मारू नको, एवढेच शब्द. आणि तुमच्या आया सगळ्या सामूहिक शेतावर. चाळीस पोरं माझ्यावर टाकून गेल्या. पोरं रडायला लागली की आपली अंगाई मागायची. मला कुठे येत होती? मी तुझ्या आजीच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. सातेनिक, अंगाई शिकव. ती म्हणते कशी, 'अंगाई काय शिकवायची असते? ती येते!'"

"मग?"

"मग काय? त्यांना येत होतं, सांगता येत नव्हतं. मला येत नव्हतं, म्हणून मी विचारत बसले. अंगाईत कुठल्या शब्दावर थांबायचं. लवाशची पोळी तव्यावर नाही, तंदुराच्या भिंतीवर मारायची तर हात किती आत घालायचा. मढ्याच्या घरी काय बोलायचं, बारशाला काय. वैतागायच्या बायका. 'क्लावदिया, हे पण सांगायचं?' हो, हे पण सांगा. आज विचारायचं, उद्या पोरांना द्यायचं. तुमच्यापेक्षा मी एक दिवस पुढे होते, बाकी काही नाही."

मी विचारलं, "म्हणजे तुम्ही स्वतःला आर्मेनियन समजता का?"

"डोकं ठिकाणावर आहे ना? मी मोलोकान. दारू पीत नाही, डुक्कर खात नाही. मी आर्मेनियन नाहीच. पण तुम्ही कसे असायला पाहिजे, ते मला माहीत आहे." आणि त्यांनी माझ्या हातातलं गाजर काढून घेतलं. "आणि हे असं मधूनच तोडायचं नसतं."

ताई, तुमच्या बाईंपुढे ठेवायला माझ्याकडे एकच गोष्ट आहे. प्रत्येक कागदावर वय लिहिलेलं आहे. मावशी १९६१ साली बालवाडीत आल्या, आणि तेव्हाची सगळ्यात मोठी मुलं सहा वर्षांची होती. म्हणजे आज ती अठ्ठेचाळीस वर्षांची असतील. गावाने ठरवून गंमत केली असती, तर त्यात म्हाताऱ्यांचे कागदही आले असते. ते एकोणीस कागद वेगळे काढा आणि वयं बघा. माझ्याकडे कागद नाहीत, मी अंदाजाने लिहितो आहे. अठ्ठेचाळीसच्या वरचं एकही निघालं तर माझं चुकलं आणि प्रश्न खुशाल काढून टाका.

गेघाम


मार्सेल, ५ ऑगस्ट २००३

गेघाम, गेघाम, गेघाम,

एकही नाही! सगळ्यात मोठं वय सत्तेचाळीस!

मी बाईंच्या समोर बसूनच कागद वेगळे केले. त्यांनी एकेक वय वाचलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "हे वयाचं कुणाच्या लक्षात आलं?" मी सांगितलं, आठवीपर्यंत शिकलेल्या एका मधमाश्यावाल्याच्या. त्या म्हणाल्या, "मग प्रबंधात त्याचे आभार नाव घालून मान." प्रबंध स्वीकारलाय. सप्टेंबरात तोंडी परीक्षा. चपलांच्या दुकानात बाबांनी नवीन माणूस ठेवला, अगदी नाइलाजाने.

आता माझ्या मनातलं सांगते. जे घरात आपोआप येतं तेच खरं, आणि मी शनिवारी शाळेत बाकावर बसून शिकले ते उसनं, असं मला लहानपणापासून वाटत आलंय. तुझं गाजरांचं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी ते माझ्या हातातून घेऊन पुन्हा वाचलं. मग स्वतःहून म्हणाले, "तुझ्या पणजीला तरी कोणी शिकवलं असेल? अनाथालयात कुठली आली आई?" आमच्या घरात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. मग आम्ही दोघं उगाचच खूप हसलो.

क्लावदिया मावशींना आकडा सांगायला माझी हरकत नाही. नावं मात्र कधीच नाहीत. आणि छापायला देण्याआधी एकदा कळव: एकोणीस, हा आकडा पक्का ना?

तुझी,
नाझेनी


वारदाबेर, २४ ऑगस्ट २००३

प्रिय नाझेनी ताई,

अभिनंदन. हा शब्द मी तीन वेळा तपासला.

आकड्याबद्दल विचारलंत, त्याचं उत्तर सरळ देता येत नाही. जे घडलं ते क्रमाने सांगतो.

काल मध काढला. त्या दिवशी सगळे वाडगी घेऊन आमच्या अंगणात येतात. क्लावदिया मावशी येणार नव्हत्या, मी स्वतः जाऊन त्यांना घेऊन आलो. जेवणं चालू होती. मी काकाकडे बोलायची परवानगी मागितली. मी आजवर कधीच मागितली नव्हती, त्यामुळे त्याला वाटलं कुणीतरी मेलं.

मी म्हणालो, "मार्सेलच्या कागदाचा निकाल आला आहे. नावं मी सांगणार नाही. आर्मेनियन असणं कुणाकडून शिकलात, या प्रश्नाला वारदाबेरमधल्या एकोणीस जणांनी क्लावदिया मावशींचं नाव लिहिलं आहे."

मावशींच्या हातात चहाचा पेला होता, तो तसाच राहिला. मला वाटलं मी घोटाळा केला. मग काका खुर्ची मागे सारून उभा राहिला.

"मी लिहिलं."

टपालवाला म्हणाला, "तू? मला वाटलं, मी एकटाच!" आणि तोही उठला. दुकानवाली उठली. तिचा नवरा तिच्याकडे बघत उठला, "अगं, मला का नाही सांगितलंस?" "तू सांगितलंस का मला?" मग तर चोहीकडून खुर्च्या सरकायला लागल्या. दोन महिने जो तो आपण आईशी गद्दारी केली म्हणून मनात कुढत होता, आणि इथे अर्धं अंगण उभं!

मी खाली बसून मोजत होतो. एकोणीस झाले. पण उठणं थांबेना. वीस, एकवीस. सातेनिक आजीने काठी मागितली.

काका म्हणाला, "आई, तू बस. तिला अंगाई तूच शिकवलीस, तू कशी तिच्याकडून शिकशील?"

"गप रे. तिने विचारलं नसतं, तर मला येतं हे मला तरी कुठे माहीत होतं?"

शेवटी सव्वीस माणसं उभी होती. उभ्या असलेल्यांत दहा-बारा जण तरी रडत होते आणि त्यांना बसलेले हसत होते. कोणीतरी गाणं सुरू केलं ते चुकीच्या सुरात, तेव्हा मावशींनी पेला खाली ठेवला आणि टेबलावर तळहात आपटला. "असं नाही. पहिल्यापासून. सगळ्यांनी एकदम." आणि सगळ्यांनी पहिल्यापासून म्हटलं, दाढ्या-मिश्यांसकट.

ताई, कागदावर एकोणीसच आहेत. छापायला एकोणीसच द्या, ते खरं आहे. पण अंगणात सव्वीस होते, मी दोनदा मोजले, आणि तेही खोटं म्हणता येत नाही. या दोन आकड्यांमधल्या सात माणसांचं प्रबंधात काय करायचं, ते तुमच्या बाईंना विचारा. मला सुचत नाही.

त्या सातांपैकी एकाबद्दल मी सांगू शकतो, कारण तो मीच आहे. एकेचाळीस नंबरचा कागद माझा. त्यावर 'आईकडून' लिहिलेलं आहे. मी कधीच खोटं लिहिलं नाही असं तुम्हाला मे महिन्यात कळवलं होतं. ते चूक होतं. वॅगनमध्ये मी एकटा होतो, दार मीच आतून लावलं होतं, तरी बरोबर उत्तर कोणतं धरतील याचाच विचार करत बसलो, आणि टेबलावर जे ठरलं होतं तेच लिहिलं. एकोणीस जणांना धीर झाला, मला झाला नाही.

काल सव्विसावा उठलो तो मी. मावशी म्हणाल्या, "अरे, बस खाली, किती घाम आलाय तुला."

मी बसलो नाही.

तुमचा भाऊ,
गेघाम